ऑपरेटरचाचांचा आजचा खेळ

ऑपरेटरचाचांनी आयुष्यात कुणालाही एकही व्हिडिओ पाठवला नाही. ते व्हिडिओ घेऊन यायचे.

घेऊन यायचे म्हणजे खरोखरच चालत यायचे. आमच्या नेरच्या उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, सायकल हातात धरून. गुडघ्यांनी दगा दिल्यावर सायकलवर बसणं त्यांनी सोडलं होतं, सायकल मात्र सोडली नव्हती. माझ्या कृषी केंद्रासमोर ती स्टँडवर लावायची, खिशातून रुमाल काढायचा, रुमालाच्या घडीतून फोन काढायचा, त्याच रुमालानं काच पुसायची आणि आत येऊन म्हणायचं, "भाऊ, आजचा खेळ आणला." मी एखाद्या गिऱ्हाइकाला फवारणीचं प्रमाण समजावून सांगत असलो तरी त्यांना फरक पडत नसे. "त्यालेबी बसवा," म्हणायचे. "दोघायचा एकच शो होऊन जाईन."

मग ते माझ्याच दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत. "उजेड लय हाय. उजेडात पिच्चरचा जीव जाते." भरदुपारी अर्धं शटर पाहून बाहेरच्यांना वाटायचं, दुकानदाराच्या घरात कोणीतरी गेलं. एकदा खरंच दोघंजण चेहरे पाडून विचारायला आले. आत मी आणि दोन गिऱ्हाइकं फोनमधल्या एका पोपटाकडे पाहत बसलो होतो. तो कुकरच्या शिटीची नक्कल करत होता आणि घरातली बाई दर शिटीला गॅसकडे धावत होती.

फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही हा त्यांचा नियम. चुकून हात पुढं केला की हातावर चापटी बसे. "मशीनले हात नाही लावाचा." मध्येच कुणाचा कॉल आला तर "रीळ तुटली" म्हणत खेळ पुन्हा पहिल्यापासून. आणि सगळ्यांत विचित्र गोष्ट म्हणजे ते स्वतः व्हिडिओ पाहतच नसत. फोन आमच्याकडे आणि डोळे आमच्या तोंडाकडे, टक लावून. नवख्या माणसाला घाम फुटायचा. आपण हसलो की ते हसायचे, आपल्यापेक्षा जास्त वेळ हसायचे. नाही हसलो तर काही न बोलता काच पुन्हा पुसायची आणि खेळ पुन्हा लावायचा. न हसण्यात पाहणाऱ्याचा दोष त्यांनी कधी मानला नाही, मशीनचाच मानला.

शटर लवकर वर जावं म्हणून मी पुष्कळदा हसलो आहे.

बँकेत त्यांनी काउंटरच्या काचेला फोन टेकवून कॅशियरला खेळ दाखवला होता, मागं रांग उभी असताना. सरांचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात जाऊन पडदा ओढून दाखवला होता. हे सर म्हणजे गावातले निवृत्त हेडमास्तर. संध्याकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर आम्ही चौघं बसायचो, चाचा, सर, रस्त्यांचे ठेके घेणारा आमचा ठेकेदार मित्र आणि मी. सरांनी आमचा एक मोबाइल ग्रुप काढला होता. त्याचं नाव 'जिवाभावाची माणसं'. हळूहळू त्यात सरांचे विद्यार्थी आले, ठेकेदाराचे साळे आले, साडू आले, त्यांचे दोस्त आले, आणि असं करत करत अर्धा जिल्हा जिवाभावाचा झाला.

मग जे व्हायचं तेच झालं. बाकावर शेजारी शेजारी बसून आम्ही एकमेकांना व्हिडिओ पाठवू लागलो. "पाह्यला काय?" "पाह्यला." "कसा हाय?" "भारी." संपलं बोलणं. ठेकेदार मख्ख चेहऱ्यानं, दुसऱ्या हातानं कान कोरत, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांगच्या रांग टाकायचा. इतकं रडेस्तोवर हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा ओठसुद्धा हलत नसे.

चाचा यावर चिडायचे. "पाह्यला म्हनता, मंग हसले कवा? मी तं इथीच होतो."

त्यांच्या फोनवरही तोच लोंढा यायचा. फोन त्यांना मुलीनं दिलेला होता. ती फुलसावंगीला दिलेली, तिचा फोन येईल म्हणून ते तो झोपताना उशाशी ठेवायचे. रोज सकाळी ते सगळा लोंढा पाहायचे आणि त्यातला एकच व्हिडिओ निवडायचे. दिवसाला एक खेळ. आम्ही तो आधीच पाहिलेला असणार हे त्यांना पक्कं ठाऊक असायचं. सर एकदा त्रासून म्हणाले, "अहो चाचा, हा परवाच ग्रुपवर आलाय. मीच टाकलाय."

"पाह्यला असन सर," चाचा म्हणाले. "माह्या समोर पाह्यला काय?"

सरांनी निमूटपणे पाहिला. एक माकड नवरदेवाचा फेटा पळवतं, मांडवावर जाऊन बसतं आणि तो स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहतं. तो व्हिडिओ सरांनी स्वतः साऱ्या जिल्ह्याला पाठवला होता, आणि त्याला ते पहिल्यांदा हसले ते चाचांच्या समोर.

निवडीतही त्यांचं एक पथ्य होतं. माणूस पडल्याचा खेळ ते लावत नसत. ठेकेदाराला तसलेच आवडायचे. लग्नात नाचता नाचता गटारात गेलेला मामा, शिडीवरून घसरलेला रंगारी, खुर्ची मोडून उताणी झालेली बाई. तो दाखवायला लागला की चाचा विचारायचे, "त्याले लागलं काय?" ठेकेदार म्हणायचा, "मले काय मालूम?" चाचा म्हणायचे, "त्या मानसाले तरी मालूम हाय काय, का आपन इथी बसून हसून राह्यलो?" ठेकेदार कपाळाला हात लावायचा. "चाचा, तुम्ही मजा घालवता राजेहो."

ते टॉकीजचे ऑपरेटर होते, पिक्चरचं मशीन चालवणारे, हे नाव त्यातूनच चिकटलेलं. टॉकीज बंद पडून जमाना झाला, आता तिथं तूर-सोयाबीनचं गोदाम आहे. मी एकदा तिथं माल पाहायला गेलो तर चाचा मागोमाग आले. पोत्यांच्या थप्पीच्या वर, भिंतीत एक चौकोनी भोक होतं. तिकडं बोट करून म्हणाले, "थे माही जागा."

मी वर पाहिलं.

"सारी उमर त्या भोकातून पाह्यलं भाऊ. समोर पडदा दिसे, आन खाली लोकायची टाळकी. टोप्या, पदर, तेल चोपडलेले केस. हसले का आयकू ये, टिनावर आवाज घुमे. पन कोन हसलं, कसं हसलं, मले का दिसते? मी मांगं." मग माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाले, "तुमच्या बाबाले मांगून दोन भोवरे होते. खांबाजवळच्या खुर्चीवर बसत. हसले का खांदे हालत त्यायचे. आवाज नाही, निस्ते खांदे."

माझे बाबा टॉकीजला जात होते हेच मला नवीन होतं. घरात मी त्यांना हसताना कधी पाहिलेलं नाही. भावाला विचारलं, बहिणीला विचारलं, त्यांनीही नाही. आमच्या घरात हसणं ही बाबा यायच्या आधी उरकून घ्यायची गोष्ट होती. आणि इथं एक माणूस मला सांगत होता की अंधारात, खांबाजवळ, त्यांचे खांदे हलत असत. मला रडूबिडू आलं नाही, राग आला. आमच्या वाट्याचं हसू ते तिकीट काढून बाहेर सांडून येत होते, याचा राग. मी चाचांना विचारलं, "हसतानी तोंड कसं दिसे त्यायचं?"

"थेच तं सांगून राह्यलो," चाचा म्हणाले. "मले टाळकंच मालूम."

त्यानंतर त्यांनी शटर खाली ओढलं की मी चिडत नसे.

आता कवळीचं सांगतो. यवतमाळच्या एका फुकट शिबिरात त्यांना कवळी मिळाली होती, आणि ती त्यांच्या मापाची होती असं कुणीही म्हणणार नाही. हसताना ते एक हात हनुवटीखाली धरायचे. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात ठेकेदारानं बळजबरीनं दिलेला चहाचा ग्लास. खेळ चांगला होता. एक बकरी एसटीत चढते, खिडकीची सीट पकडून बसते आणि कंडक्टर तिच्यासमोर उभा राहून गंभीरपणे तिकीट विचारतो. सर हसले, मी हसलो, आमच्याकडे पाहून चाचा हसले आणि कवळी सरळ चहात. चाचा क्षणभर ग्लासात बघत राहिले. मग त्याच बोळक्या तोंडानं, स्वतःवरच, आणखी जोरात हसले. आम्हीही हसलो. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. अजूनही आठवलं की ओठावर येतं, आणि मग पुढचं आठवतं.

ठेकेदाराचा फोन वर धरलेला होता. गंमत म्हणून शूटिंग करून राह्यलतो, असं त्यानं नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रुपवर आलं. खाली ढोलकी, कवळी पडते तेवढंच तीनदा दाखवलेलं, मागून गाढवाचा आवाज. वर लिहिलेलं, 'नेरचे चाचा, चहा कडक'. सर आणि मी त्यातून कापलेले होतो. आम्हीही हसत होतो, आमचीही तोंडं तितकीच उघडी होती, पण ती कापलेली. फक्त एक म्हातारा, कारण नसताना, एकटाच बोळकं उघडून हसतोय असं ते दिसत होतं. मी ते पुढं कुणाला पाठवलं नाही. त्यात मोठेपणा नाही, माझ्या ओळखीचा पाठवायचा कोणी उरलाच नव्हता.

गंमत अशी की चाचांना ते आधी आवडलं. दुकानात येऊन म्हणाले, "लाइट बराबर हाय. पन गधा कायले टाकला?"

मग फुलसावंगीहून मुलीचा फोन आला.

चाचांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची माणसं उमरखेडची. त्या मुलाच्या फोनवर तो व्हिडिओ पोचला आणि त्यानं तो होणाऱ्या बायकोलाच पाठवून विचारलं, हे तुझे नाना आहेत का. चाचांची मुलगी फोनवर रडत होती, आणि मागून जावई बोलत होता ते चाचांना स्पष्ट ऐकू आलं. "अब्बा से बोल, शादी में जरा पीछे बैठना."

हे मला सांगताना त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. "मांगं बसाले माही ना नाही भाऊ. मी मांगंच होतो सारी उमर. पन पोरीच्या पोरीचा निकाह हाय. तिथी मले नाना म्हनून बसाचं हाय. मले पाहून लोकायनं तोंडाले रुमाल लावला, तं त्या लेकरानं कुठी पाहाचं?" एवढं बोलून ते मुद्द्यावर आले. "सांगा, प्रिंट सध्या कोनाजवळ हाय?"

प्रिंट म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागेल. टॉकीज चालू होती तेव्हा पिक्चरच्या रिळांच्या पेट्या अमरावतीहून एसटीच्या टपावर यायच्या. एका पिक्चरची एकच प्रिंट ह्या भागात फिरायची. ती नेरला असली म्हणजे दारव्ह्याला नाही. दारव्ह्याला गेली की नेरचा पडदा कोरा. कुठल्या गाडीत कुठली पेटी आहे हे चाचांना पाठ असे. उशीर झाला तर ते स्वतः स्टँडवर जाऊन पेटी उतरवून घेत.

"चाचा, याची प्रिंट नसते," मी म्हटलं. "ज्याले पाठवला त्याच्यापाशीबी राह्यते आन पाठोनाऱ्यापाशीबी राह्यते."

मी त्यांना ऑपरेटरी शिकवतोय अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पेटी पोचल्याबिगर पिच्चर लागते काय? ठेकेदारापासून निंगाली, फुलसावंगीले पोचली. मधात कोनाकोनाच्या हातून गेली, थे धरत गेलं का झालं."

ठेकेदाराकडे त्यांना मीच घेऊन गेलो. सर तिथं आधीच बसलेले होते.

"अरे मजाक हाय यार," ठेकेदार म्हणाला. "चाचा फेमस झाले. लोक मरून राह्यले फेमस व्हासाठी."

मी म्हटलं, "ग्रुपवर लिही, का साऱ्यायनं काढून टाका. त्यायच्या नातीचं लग्न हाय."

"मी काहून लिहू? म्हंजे मीच गुन्हेगार? तूबी तं हसला."

सरांनी घसा साफ केला. आता तांत्रिकदृष्ट्या काही करता येण्यासारखं नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी हे खेळीमेळीनं घ्यावं अशी विनंती केली. उभी हयात पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस. मी काही बोलणार तेवढ्यात चाचाच मध्ये पडले. "भांडू नका. ठेकेदारसाहेब, तुमच्याजवळचा पुसून टाका, बस." ठेकेदारानं त्यांच्यासमोर फोनवरून तो व्हिडिओ उडवला. "घ्या चाचा, खलास." चाचांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन त्याचे आभार मानले. मला ठेकेदाराचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण लहान गावात ज्याचं थोबाड फोडायचं असतं त्याच्याच शेजारी संध्याकाळी बसायचं असतं.

मग चाचा एसटीनं निघाले. ठेकेदारानं व्हिडिओ दारव्ह्याच्या साळ्याला पाठवला होता, म्हणून आधी दारव्हा. साळ्याचं हार्डवेअरचं दुकान. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "पुसतो ना चाचा. पुसाच्या आंधी एकडाव पाहून घेऊ." चाचांच्या समोर त्यांची कवळी तीनदा चहात पडली, दुकानातली माणसं हसली, मग त्यानं पुसला. त्यानं कुणाला पाठवला होता? दिग्रसच्या मित्राला. चाचा दिग्रसला गेले. तिथंही खुर्ची, तिथंही चहा, तिथंही पुसण्याआधी एकदा. दिग्रसवाल्यानं तर बायकोला आतून बोलावून घेतलं, आणि त्याच्याकडून पुढचं नाव पुसदचं निघालं.

चाचा हे सगळं मला येऊन सांगायचे, आणि त्यात तक्रारीचा सूर औषधालाही नसायचा. "दारव्हा झालं, दिग्रस झालं. लोक चांगले हायेत भाऊ. कोनी नाही म्हनून नाही राह्यलं."

मी विचारलं, "पुसाच्या आंधी थे पाहतेत, तवा तुमी काय करता?"

"मी त्यायचे तोंडं पाहतो," ते म्हणाले. "सवय हाय."

लोक चांगले होते हे खोटं नाही. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकललं नाही. हेच मला सहन होत नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर चाचा घरी बसले असते. दारव्ह्याचा साळा तर इतका चांगला की चाचा स्टँडवर पोचायच्या आत त्यानं ग्रुपवर फोटो टाकला, 'ओरिजिनल चाचा आपल्या दुकानात'. फोटोत चाचा खुर्चीवर, हातात ग्लास, तोंड घट्ट मिटलेलं. मी तो त्यांना दाखवला, म्हटलं आता तरी पुरे करा. त्यांनी काच पुसून नीट पाहिला. "यात काही नाही," म्हणाले. "तोंड बंद हाय." त्यांची समजूत एवढीच होती की आपल्याला जरा उशीर होतोय. "मी पोचतो, तवरोक प्रिंट समोरच्या गाडीत निंगून जाते." खरं म्हणजे आता पेटी तेच झाले होते. जिथं उतरायचे तिथं खेळ लागायचा.

लग्न मेअखेरीला होतं. मला बोलावणं होतं, पण ते बियाण्याचे दिवस, दुकानासमोर सकाळपासून रांग. चाचांनी नवा कुर्ता-पायजमा शिवला. यवतमाळला एका डॉक्टरकडे जाऊन कवळी घट्ट बसवून आणली. निघताना गर्दीतून वाट काढत ते आत आले आणि बोटानं दात ओढून मला दाखवले. "आता नाही पडत," म्हणाले. "पुसदचंबी झालं. रस्ता साफ हाय."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर व्हिडिओ आला. ठेकेदारानं टाकलेला, त्याला दारव्ह्याहून आलेला, दारव्ह्याला आणखी कुठून. वर लिहिलेलं, 'चाचा पार्ट टू'.

जावयानं उगाच काळजी केली होती. चाचा मागं नव्हते. मुलाकडच्या मंडळींनी त्यांना हुडकून पार पुढं आणलं होतं, नवरदेवाच्या शेजारच्या सोफ्यावर. सगळे खूश होते. "नाना, एक बार. बस एक बार." नवरदेव स्वतः सेहरा बाजूला सारून फोन धरून उभा. त्याचा बाप हसत हसत हात जोडत होता, "बच्चों की खुशी है, नाना." कुणीतरी चहाचा ग्लास पुढं केला. चाचांनी जावयाकडे पाहिलं. हे मी थांबवून थांबवून पाहिलं आहे. जावई खाली बघतो, आणि मग, अगदी थोडीशी, मान हलवतो. करा म्हणून.

चाचांनी तोंडात बोटं घातली. घट्ट बसवलेली कवळी लवकर निघेना, ओढावी लागली. ती त्यांनी स्वतःच्या हातानं ग्लासात टाकली. मांडवभर हशा उसळला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. चाचा हसत नव्हते. आमच्यासमोर फोन धरायचे तसाच तो ग्लास त्यांनी पुढं धरला होता आणि ते तोंडं पाहत होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, एकही न गाळता. सारी उमर ज्या तोंडांसाठी थांबले होते ती सगळी त्यांच्यासमोर होती, भरपूर उजेडात.

खाली अर्ध्या जिल्ह्याची पिवळी तोंडं हसून रडत होती. सरांनी गुलाबाचं फूल टाकलं होतं. मी ग्रुप सोडला. सरांचा फोन आला, "चुकून बाहेर पडलात का?" आणि त्यांनी मला परत आत घेतलं. मी पुन्हा बाहेर पडलो. ठेकेदार आता बाकावर येत नाही. माझं डोकं फिरलंय असं तो गावात सांगतो. फिरलंयच. मला त्याचा राग आहे, त्या गुलाबाच्या फुलाचा राग आहे, त्या जावयाच्या मानेचा आहे. आणि चाचांचाही आहे. नाही म्हणायचं होतं, उठून यायचं होतं. पण मागच्या खोलीत नात नटून बसली होती आणि पुढच्या मांडवात तिचं सासर हसत होतं. तिथून उठून येणारा नाना मला माहीत नाही.

आठवड्यानं ते परतले. सायकल स्टँडवर लावली आणि आत येऊन बसले. रुमाल काढला नाही. गाल आत गेलेले होते, कवळी लावलेली नव्हती. दुकानात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं.

"फोन?" मी विचारलं.

"तिथीच ठेवला, नातीपाशी. मले कायले पाह्यजे?"

मी उठलो, शटर अर्धं खाली ओढलं, माझाच फोन शर्टाला पुसला आणि कुकरच्या शिटीवाला पोपट लावून त्यांच्यासमोर धरला. पहिल्यांदाच मी व्हिडिओकडे न पाहता कुणाच्या तोंडाकडे पाहत होतो. किती कठीण असतं ते. पोपटानं शिटी मारली, बाई धावली. पोपटानं पुन्हा शिटी मारली. चाचांनी हात पुढं करून तळवा काचेवर ठेवला आणि फोन हळूच खाली केला.

"शादी चांगली झाली," ते म्हणाले. "सारे हसले. साऱ्यायचे तोंडं पाह्यले म्या." मग युरियाच्या थप्पीकडे वर पाहत म्हणाले, "त्या भोकातून टाळकी दिसत, थेच बरं होतं भाऊ."

उठले, शटर स्वतःच वर ढकललं आणि सायकल धरून चालू लागले. साऱ्या गावाला हा माणूस मागून ओळखायचा. त्यांचं डोकं मागून कसं आहे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डोक्याला दुपट्टा नव्हता. पांढरे विरळ केस, मधोमध एक भोवरा, आणि उन्हानं काळी पडलेली मान. आता ते रोज दुकानावरून जातात, आत वळत नाहीत, आणि मला तेवढंच दिसतं.